काडी, कागद आणि चिंचोके : घरच्या वस्तूंतून बांधणीचे पाच खेळ



दरवर्षी विज्ञान प्रदर्शन जवळ आले की घराघरांत एकच धावपळ सुरू होते. थर्माकोल, रंग, गोंद आणि चमकीचे कागद यांवर पैसे खर्च होतात. आदल्या रात्री बाबा जागतात, दादा तारा जोडतो, आई अक्षर काढून देते, आणि ज्याचे नाव त्या मॉडेलवर लिहिलेले असते तो विद्यार्थी झोपलेला असतो. काही ठिकाणी तर मॉडेल बाजारातून तयारच येते. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी विचारले, "हे असे का उभे राहिले?" तर मूल आईकडे पाहते.

यात मुलाचा दोष नाही. त्याला स्वतःच्या हाताने काही उभे करण्याची, ते पडताना पाहण्याची आणि पुन्हा उभे करण्याची संधीच मिळालेली नसते. ती मिळावी म्हणून या अंकात आम्ही बांधणीचे पाच खेळ देत आहोत. त्यांना लागणारे जवळजवळ सारे सामान घरात, शेतात किंवा रद्दीत सापडेल.

ही वाट नवी नाही

स्वस्त सामानातून शिकवणे म्हणजे गरिबाघरची तडजोड, असा एक समज आहे. तो खरा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) माँटेसोरी पद्धतीची साधने महाग होती आणि खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने आणि काड्या हीच साधने केली. पद्धत तीच राहिली, खर्च मात्र उरला नाही. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले, सातपुड्याच्या पलीकडचे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील (आजचे नर्मदापुरम) सोळा माध्यमिक शाळांत 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' यांनी विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू केला. मुले चौघाचौघांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करत, निरीक्षणे स्वतः लिहीत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने हे काम अनेक जिल्ह्यांत नेले. २००२ साली शासनाने हा कार्यक्रम बंद केला, पण त्यातून निघालेली पुस्तके आणि माणसे आजही काम करत आहेत.

त्या माणसांपैकी एक अरविंद गुप्ता. आय.आय.टी. कानपूरमधून इंजिनिअर झालेले गुप्ता पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीला होते. १९७८ साली वर्षभराची रजा काढून ते होशंगाबादच्या कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी सायकलची व्हॉल्व ट्यूब आणि काडेपेटीतल्या काड्या यांची जोडणी करून भूमितीच्या आकृत्या बनवल्या. परदेशी मेकॅनो खेळण्याचे काम या काड्या नाममात्र पैशांत करत. पुढे त्यांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षे मुलांसाठी खेळणी घडवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता खेळांकडे वळू या.

खेळ पहिला : कागदाचा पूल (इयत्ता तिसरीपासून)

साहित्य : पाठकोरा कागद, सारख्या जाडीच्या पुस्तकांचे दोन ढीग, एका डबीचे झाकण, मूठभर चिंचोके.

कृती : दोन ढिगांमध्ये २० सेंटिमीटर अंतर ठेवा. त्यांवर कागद आडवा टाका. मध्यभागी झाकण ठेवून त्यात एकेक चिंचोका टाका. सपाट कागद झाकणाच्याच वजनाने खाली बसेल. आता अट अशी : दुसरा कागद घ्यायचा नाही, गोंद नाही, चिकटपट्टी नाही. याच कागदाने जास्तीत जास्त चिंचोके पेलून दाखवायचे.

मुले आधी कागदाची दुहेरी घडी घालतील, मग कडा वर दुमडतील, आणि केव्हातरी कोणीतरी पंख्यासारख्या बारीक घड्या घालील. मग झाकण भरत आले तरी पूल हलणार नाही.

असे का? फूटपट्टी घ्या. आडवी धरून दाबली तर ती सहज वाकते. तीच उभ्या कडेवर धरून दाबा, वाकत नाही. लाकूड तेवढेच, पट्टी तीच, फक्त उंची वाढली. पट्टीची उंची दुप्पट केली, तर तिचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. कागदाला घड्या घातल्या म्हणजे आपण त्याला उंची देतो. गोठ्यावरचे टिनाचे पत्रे नालीदार का असतात आणि खोक्याच्या पुठ्ठ्यात मध्ये लहरी असलेला कागद का असतो, याचे उत्तर आता तुम्हीच द्या. रामाकोन्यावरून धावणारी छोटी लाईन २०१५ मध्ये बंद होऊन तिच्या जागी मोठी लाईन आली. पुढच्या वेळी रेल्वेचा पूल दिसला की त्याखालच्या लोखंडी तुळया रुंद जास्त आहेत की उंच, तेवढे पाहून या.

खेळ दुसरा : वर्तमानपत्राचा मनोरा (इयत्ता चौथीपासून)

साहित्य : जुन्या वर्तमानपत्राची चार पूर्ण पाने आणि हातभर सुतळी. बाकी काही नाही.

कृती : चौघांच्या टोळीने २० मिनिटांत जास्तीत जास्त उंच मनोरा उभा करायचा. तो भिंतीला टेकलेला नसावा आणि दहा अंक मोजेपर्यंत उभा राहावा.

सुरुवातीला मुलांना कागद पुरणार नाही असे वाटते. पण पान घट्ट गुंडाळून नळी केली की तेच पान काठीसारखे उभे राहते. उभ्या कागदाला कोणत्या बाजूने वाकावे ते लगेच सापडते, गोल नळीला तशी मऊ बाजूच नसते. बांबू आणि ज्वारीचा धांडाही असेच गोल असतात.

जवळजवळ प्रत्येक टोळी एक गोष्ट विसरते : पाया. सारा कागद उंचीसाठी खर्च होतो आणि मनोरा आडवा होतो. मास्तरांनी किंवा बाईंनी इथे काही सांगू नये. दुसऱ्या फेरीत मुले आपणहून तीन पाय फाकवतात.

खेळ तिसरा : हरभरे आणि काड्या (इयत्ता पाचवीपासून)

साहित्य : रात्रभर भिजवलेले हरभरे किंवा वाटाणे, दात कोरायच्या काड्या किंवा खराट्याच्या काड्यांचे सारख्या लांबीचे तुकडे. व्हॉल्व ट्यूब मिळाली तर तीही चालेल. मात्र काडेपेटीच्या काड्या वापरायच्या तर त्यांचा गूल मोठ्यांनी आधी काढून टाकावा.

कृती : काड्यांची टोके हरभऱ्यांत खोचून आधी एक त्रिकोण करा, मग एक चौकोन. दोन्ही हातांत धरून हलकेच दाबा. चौकोन लगेच तिरपा होतो. त्रिकोण मात्र काडी मोडली किंवा हरभरा फुटला तरच हलतो.

सातवीच्या मुलांनी याचे कारण वहीत शोधावे. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याचे कोनही ठरतात. चौकोनाच्या चारही बाजू ठरल्या तरी कोन मोकळेच राहतात. भूमितीत आपण बाजू-बाजू-बाजू ही एकरूपतेची कसोटी पाठ करतो, मराठी पुस्तकांत तिला 'बाबाबा' म्हणतात. ती कसोटी म्हणजे हीच गोष्ट.

आता चौकोनाला कर्णाची एक तिरपी काडी लावा. तो उभा राहील. (ही काडी बाजूच्या सुमारे १.४ पट लांब लागते. का, ते पायथागोरसला विचारा.)

पुढची पायरी : सहा काड्या आणि चार हरभरे घेऊन चार तोंडांचा पिरॅमिड करा. मग बारा काड्या आणि आठ हरभरे घेऊन घन करा. पिरॅमिड ताठ राहील, घन डुलेल. घन ताठ करायला आणखी किती काड्या लागतील? मोठ्या मुलांसाठी एक युक्ती देतो. सांध्यांच्या संख्येला ३ ने गुणा आणि ६ वजा करा. पिरॅमिडसाठी ४ गुणिले ३ वजा ६ म्हणजे ६. तेवढ्या काड्या आहेतच. घनासाठी ८ गुणिले ३ वजा ६ म्हणजे १८. आहेत १२, म्हणून सहा तोंडांवर सहा तिरप्या काड्या हव्यात. हा नियम जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६४ मध्ये मांडला. आज मोबाईलचे टॉवर आणि विजेचे मनोरे पाहा, त्यांत तिरप्या पट्ट्या जागोजाग दिसतील.

या खेळाला मोठी परंपरा आहे. बालवाडीचे जनक फ्रेडरिक फ्रोबेल यांनी जर्मनीत मुलांना वाटाणे आणि काड्या दिल्या होत्या. अमेरिकेत १८९५ मध्ये जन्मलेले बकमिन्स्टर फुलर लहानपणी बालवाडीत हाच खेळ खेळले. त्यांची दृष्टी फार अधू होती आणि तेव्हा चष्माही नव्हता. इतर मुलांनी पाहिलेल्या घरांसारखी चौकोनी घरे केली. फुलर यांना घरे नीट दिसतच नसत, म्हणून त्यांनी बोटांनी चाचपून जे घट्ट लागले ते ठेवले, आणि ते निघाले त्रिकोण. ही आठवण ते स्वतः सांगत. पुढे त्रिकोणांनी बनलेल्या त्यांच्या गोल घुमटाला १९५४ मध्ये पेटंट मिळाले. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांकडे पाहताना शिक्षकांनी आणि पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

खेळ चौथा : डोक्यावर लिंबू (इयत्ता सहावीपासून)

साहित्य : खराट्याच्या वीस काड्या, हातभर दोरा, ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचे काही तुकडे आणि एक लहान लिंबू.

कृती : धांड्याची साल काढून आतला मऊ गाभा कापा. त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे म्हणजे आपले सांधे. त्यांत काड्या खोचून १८ मिनिटांत मनोरा उभा करायचा. टोकावर लिंबू हवे. उंची जमिनीपासून लिंबापर्यंत मोजायची.

आपल्या आजी-आजोबांना हे सामान दाखवा. धांड्याचा गाभा आणि सालीच्या कमच्या जोडून बैलगाडी कशी करायची हे ते सांगतील. तान्ह्या पोळ्याच्या बैलाला अशी गाडी जोडली तर विकतची लागणार नाही. एक खबरदारी घ्या : धांड्याच्या सालीची कड पात्यासारखी असते, बोट कापते. साल मोठ्यांनी काढून द्यावी.

हा खेळ परदेशात सुक्या, लांब शेवया आणि एक मऊ गोड वडी घेऊन खेळतात. पीटर स्किलमन यांनी तो काढला आणि टॉम वुजेक यांनी २०१० मधल्या एका व्याख्यानातून तो जगभर पोचवला. त्यांनी तो पुष्कळ गटांना दिला तेव्हा एक गंमत दिसली. व्यवसाय व्यवस्थापन शिकलेल्या तरुणांपेक्षा बालवाडीतली मुले सरस ठरत. तरुण मंडळी बराच वेळ बेत आखत, मनोरा बांधत आणि शेवटच्या मिनिटाला वडी वर ठेवत. मग सारेच कोसळे. मुले वडी पहिल्यापासून टोकावर ठेवत. पडले की सुधारत, आणि पुन्हा ठेवत. त्यामुळे वेळ संपेपर्यंत त्यांचे चार-पाच प्रयोग झालेले असत.

म्हणून मित्रहो, लिंबू शेवटी ठेवायचे नाही. पहिल्या पाच मिनिटांत ठेवून पाहा.

खेळ पाचवा : पणतीची पाठवणी (सर्वांसाठी)

साहित्य : मातीची एक पणती, तणस, जुने कागद, सुतळी, रद्दी पुठ्ठा.

कृती : पणती अशी बांधा की दोन मीटर उंचीवरून फरशीवर सोडली तरी फुटू नये. ज्या टोळीचे गाठोडे सर्वांत हलके आणि पणती शाबूत, ती जिंकली.

सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांना यात आघाडी आहे. संत्र्यांच्या पेटीत तणस का घालतात हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. तणस दबते, त्यामुळे फळ एकदम न थांबता हळूहळू थांबते. थांबायला जितका जास्त वेळ, तितका दणका कमी. उंचावरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो तेही याचसाठी. ही गोष्ट नववीच्या पुस्तकात संवेगाच्या धड्यात येईल. पणती फोडून पाहिलेल्या मुलाला तो धडा ओळखीचा वाटेल.

खेळताना पाळायचे नियम

१. टोळी चौघांची. चौघांपैकी प्रत्येकाने हात लावलाच पाहिजे. मुली लिहितात आणि मुलगे बांधतात, असे वाटप होऊ देऊ नका. दर फेरीला कामे बदला.

२. बांधण्याआधी अंदाज वहीत लिहा : किती चिंचोके, किती उंची. मग मोजा. अंदाज चुकला तर खोडू नका, शेजारी खरा आकडा लिहा.

३. प्रत्येक खेळाच्या किमान तीन फेऱ्या. पहिल्या फेरीला गुण नाहीत.

४. पडलेल्या मनोऱ्याजवळ बसून सांगा : आधी कोणता सांधा सुटला? 'पडले' एवढे उत्तर पुरे नाही.

५. भिजवलेले हरभरे आणि चिंचोके लहान भावंडांपासून दूर ठेवा. नाकाकानात गेलेला हरभरा फुगतो आणि काढणे कठीण होते.

पालकांसाठी

आपण फक्त एक करावे : हात मागे बांधून उभे राहावे. "बाजूला हो, मी करून देतो" हे वाक्य प्रेमापोटी येते, पण मूल त्यातून एवढेच शिकते की आपल्याला जमत नाही. त्याऐवजी "मग आता काय करशील?" असे विचारा आणि उत्तराची वाट पाहा.

दुसरी विनंती भाषेची. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. आधी छिंदवाडा जिल्ह्यात होतो, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहोत. मुले शाळेत हिंदीतून शिकतात आणि त्रिकोणाला त्रिभुज, वर्तुळाला वृत्त म्हणतात. त्यात वावगे काही नाही, दोन भाषा येणे ही श्रीमंतीच आहे. पण कमची, पाचर, खुंटी, टेकू, आडवी तुळई, सैल गाठ आणि निरगाठ हे शब्द कोणत्याच पुस्तकात शिकवले जात नाहीत. ते हातात काम असतानाच तोंडात बसतात. आजोबांबरोबर एक धांड्याची गाडी केली तर असे दहा शब्द मुलाला सहज मिळतील. ती गाडी कोणी करेनासे झाले, तर शब्दही जातील.

विश्वस्तांसाठी

२०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. अशी प्रयोगशाळा मिळाली तर आनंदच आहे, आणि त्यासाठी अर्ज जरूर करावा. पण ती मिळेपर्यंत मुलांची वर्षे थांबत नाहीत. आज सहावीत असलेले मूल तीन वर्षांनी नववीत गेलेले असेल.

म्हणून आमच्या तीन लहान मागण्या आहेत. प्रत्येक वर्गाला झाकणाचे एक खोके द्यावे, त्यात रद्दी, काड्या, सुतळी, चिंचोके, जुन्या लग्नपत्रिका आणि एक मोजपट्टी राहील. आठवड्याला एक तास या कामाला राखून ठेवावा आणि परीक्षेच्या दिवसांतही तो काढून घेऊ नये. तिसरी मागणी अशी : राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सूचना आहे. आपल्या गावातले सुतार, बुरूड आणि कुंभार यांना त्या दिवसांत मानधन देऊन बोलवावे. टोपली विणताना कमची कुठे दाबायची हे जितके त्यांना कळते तितके आम्हा शिक्षकांना कळत नाही.

आणि पुढच्या विज्ञान प्रदर्शनात एक टेबल असे असावे जिथे तयार मॉडेल ठेवायचे नाही. तिथे फक्त कागद, काड्या, हरभरे आणि घड्याळ असेल. पाहुण्यांसमोर मुले तिथल्या तिथे बांधतील. काही मनोरे पडतील. पडू द्यावेत. का पडला, हे ज्या मुलाला सांगता येईल, पहिले बक्षीस त्याला द्यावे अशी आमची सूचना आहे.

मित्रहो, या रविवारी एक खेळ घरी करून पाहा आणि सोमवारी आपला आकडा वर्गाच्या फळ्यावर लिहा : कागद एक, अंतर वीस सेंटिमीटर, चिंचोके किती?